मानाचा टॅप

पाठ जमिनीला टेकली की खेळ संपला, असं मी चेन्नईतल्या तांबरमच्या एका शाळेत मुलींना कितीतरी वर्षं शिकवलं. मी ज्युडोची. ज्युडोत समोरच्याला उचलून नीट पाठीवर आपटलं की तिथेच निकाल लागतो. त्यामुळे चाळिशी ओलांडल्यावर वेलचेरीतल्या एका हॉलमध्ये माझ्या निम्म्या वयाच्या पोराने मला सांगितलं, "मॅडम, पाठीवर पडा, आपला खेळ तिथून सुरू होतो," तेव्हा मला त्याच्या आईवडिलांची कीव आली. मुलाला एवढं परदेशात पाठवलं आणि तो हे शिकून आला, असं वाटलं.

त्या पोराचं नाव कार्तिक. सॉफ्टवेअरमधला, चार वर्षं बाहेर राहून चेन्नईला परतलेला. येताना तो ब्राझिलियन जुजुत्सूचा जांभळा पट्टा घेऊन आला होता आणि शिकवायला त्याला माणसं हवी होती. वेलचेरीत तेव्हा दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती. अशाच एका सोसायटीचा पहिल्या मजल्यावरचा हॉल त्याने भाड्याने मिळवला, आणि आमच्या शाळेने बाद केलेल्या ज्युडोच्या मॅट मी त्याला मिळवून दिल्या. मॅट पोचवायला म्हणून गेले आणि तिथेच राहिले. मी सातारची, लग्न होऊन मद्रासला आलेली, शाळेत पी.टी.ची बाई. शाळेतून निवृत्त झाले त्याचा छोटा समारंभ झाला, शाल मिळाली. पण नोकरीबद्दल लिहायचं म्हटलं की मला शाळा आठवत नाही, वेलचेरीचा तो हॉल आठवतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात ठोसा नाही, लाथ नाही. दोघं जाड सुती डगला घालून एकमेकांना धरतात, जमिनीवर येतात आणि तिथे झटापट करतात. समोरच्याचं कोपर नको त्या बाजूला वळवायचं, किंवा त्याच्याच कॉलरने त्याचा गळा आवळायचा. सापडलेल्या माणसाने समोरच्याच्या अंगावर हाताने थापटायचं. याला टॅप म्हणतात. टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं, हात मिळवायचा आणि पुन्हा सुरू करायचं. एका संध्याकाळी माणूस दहादा टॅप करतो, त्यात कमीपणा काही नाही. उलट सगळी विद्या त्या टॅपवर उभी आहे. आपला डाव बसला की नाही, हे आपल्याला कोण सांगणार? समोरच्याचा टॅप सांगतो. पाठ्यपुस्तक नाही, मार्क नाहीत, तेवढाच एक पुरावा.

तालीम संपली की आम्ही घामाने निथळत गोल करून बसायचो. या बैठकीला पोरांनी 'पंचायत' असं नाव ठेवलं होतं. शब्द तमिळमध्येही चालतो, त्यामुळे कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पंचायतीचा नियम कार्तिकने घातला होता आणि तो मला फार आवडायचा. आपलं बलस्थान आणि आपला कच्चेपणा आपण सांगायचा नाही. ज्याच्याशी शेवटची झुंज झाली, त्याने सांगायचा. एक गोष्ट जमते ती आणि एक जमत नाही ती. माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की एक तर फुशारकी मारतो नाही तर उगाच स्वतःला कमी लेखतो, आणि दोन्ही ऐकायला कंटाळवाणं असतं.

हॉलमध्ये बायका याव्यात म्हणून संध्याकाळची एक बॅच माझ्याकडे आली. कार्तिककडून मी शिकायची आणि दोन दिवसांनी तेच बायकांना शिकवायची. काय एकेक जणी यायच्या. खोबरेल तेल चोपडलेल्या वेण्या घेऊन यायच्या आणि अर्ध्या तासात मॅट अशी निसरडी व्हायची की उभं राहणं मुश्कील. केसात मोगऱ्याचा गजरा माळून आलेल्या असायच्या, मग तालीम संपल्यावर मी केरसुणीने फुलं गोळा करायची. सगळ्यात अवघड प्रश्न ताळीचा. ताळी म्हणजे इकडचं मंगळसूत्र, आणि ते काढायला एकही बाई तयार नाही. कॉलरची पकड घेतली की ताळीची साखळी हातात येते. शेवटी आम्ही ती चिकटपट्टीने छातीशी पक्की चिकटवायला लागलो. एका मामीने तर आधी पट्टीला कुंकू लावलं आणि मगच ती ताळीवर चिकटवू दिली. मी स्वतःचं मंगळसूत्र सरळ डब्यात काढून ठेवायची, त्यावर शेजारणीने माझ्या नवऱ्याकडे काळजी व्यक्त केली होती.

पाठीवर पडून कंबर बाजूला सरकवत निसटायची एक हालचाल आहे. ती कोळंबीसारखी दिसते म्हणून तिचं नावच कोळंबी. शाकाहारी अय्यर घरातल्या मुलींना मी "चला, कोळंबी करा" म्हटलं की त्या नाक मुरडायच्या आणि करायच्या. सगळ्यात आधी हीच हालचाल शिकवायची आणि सगळ्यात शेवटी हीच जमते.

मृदुला या बॅचमध्ये आली ती भुसावळहून. म्हणजे घर भुसावळला, नोकरी ओरगडमला. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती क्वालिटीला होती. यंत्रातून निघालेला भाग गेजने मोजायचा, मापात असला तर पुढे पाठवायचा, नसला तर बाद करायचा. दिवसभर पुरुषांनी बनवलेल्या वस्तू नाकारायच्या आणि त्यांची तोंडं पाहायची, हे तिचं काम. शिफ्ट संपली की कंपनीच्या बसने तांबरमला यायची आणि तिथून शेअर ऑटोत कोंबून घेऊन हॉलवर. पहिल्या दिवशी तिने मला "काकू" म्हटलं. मी म्हटलं, "बाई गं, गळा आवळताना काकू म्हणता येत नाही. मॅडम म्हण." ती हसली आणि त्या दिवसापासून एकही तालीम चुकवली नाही.

मृदुला वर्षभरात बायकांच्या बॅचमध्ये सगळ्यांना भारी पडायला लागली. मग ती पुरुषांच्या बॅचमध्येही खेळू लागली, कारण वरचढ माणसाशी खेळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे तिचा कॉलरचा चोक, म्हणजे गळा आवळायचा डाव, गाजला. पंचायतीत जो तो तेच सांगायचा. "मृदुलाचा चोक एकदम स्ट्राँग, मॅडम." आणि कच्चं काय? "काही नाही, मॅडम. सगळं चांगलं आहे."

असं आणखी वर्षभर चाललं, आणि मग माझ्या गुडघ्याने दगा दिला. आतली गादी फाटली आहे, मॅट विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर बायकांची बॅच चांगली भरली होती आणि आता तिला बाई राहणार नव्हती. सोसायटीचे सेक्रेटरी राव मला भेटायला आले. त्यांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखातलं, आणि घरात जुनं तंजावरी मराठी. ते ऐकताना मला माहेरच्या पणजीशी बोलल्यासारखं वाटायचं.

"बाई, तुम्हीं गेल्यावर ह्या अवघ्या पोरींस कोण शिकवणार?" ते म्हणाले. "कोणाचा हातपाय मोडला तर असोसिएशनला जबाब द्यावा लागेल ना. सर्टिफिकेट असलेलं माणूस पाहिजे. नाही तर बॅच बंद, सरि?" शेवटचं 'सरि' तमिळ, म्हणजे 'ठीक?'.

आजवर माझं पी.टी.चं सर्टिफिकेट चाललं होतं; माझ्यानंतरच्या बाईसाठी सर्टिफिकेट म्हणजे निळा पट्टा. पांढऱ्यानंतरचा पहिला रंग, आणि तो मिळायला लोकांची वर्षं जातात. कार्तिकला तो देण्याचा अधिकार नव्हता. त्याचे गुरू, ब्राझीलचे काळ्या पट्ट्याचे मास्तर, वर्षातून एकदा चेन्नईला येऊन परीक्षा घ्यायचे. त्यांची भेट अगदी तोंडावर आली होती. मृदुलाला निळा पट्टा मिळाला तर बॅच तिच्याकडे जाणार होती, नाही तर रावांनी कुलूप लावलंच असतं. पंधरावीस बायका घरी बसल्या असत्या, आणि त्या एकदा घरी बसल्या की पुन्हा बाहेर पडत नाहीत, हे मला शाळेच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण काळजीचं कारण कुणालाच दिसत नव्हतं. मृदुला पुरुषांना टॅप करायला लावते, अजून काय हवं?

गुडघ्यामुळे मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तालीम पाहायची. एकदा औषधाच्या गुंगीत डोळे मिटले आणि नुसते आवाज ऐकत बसले. मॅटवर चारपाच जोड्या झुंजत होत्या. टॅपचे आवाज येत होते. खरा टॅप कसा असतो, तर घाईचा. गळा आवळला की माणूस मोजून थापटत नाही. पटापटा, वेडावाकडा, जिथे हात पोचेल तिथे मारतो. तेवढ्यात मधूनच एक वेगळा टॅप ऐकू आला. थप, थप. शांत, सावकाश, ढेकर काढायला बाळाला थोपटतात तसा. मी डोळे उघडले. मृदुलाने सेंदिलच्या कॉलरची पकड घेतली होती आणि सेंदिल मोठ्या अदबीने टॅप करत होता.

सेंदिल बँकेत क्लार्क. नव्वद किलोच्या वरचा गडी, आणि वागायला इतका गोड की काउंटरवरच्या पेन्शनरांनी त्याच्यासाठी घरून चकलीसारखे मुरुक्कू आणावेत. मृदुलाला तो 'सिस्टर' म्हणायचा. मी त्या आठवड्यात डोळे मिटून फक्त कान लावले. सेंदिल एकटा नव्हता. मृदुलाशी खेळताना जवळजवळ सगळ्यांचे टॅप तसेच होते. पुरुष एकमेकांशी खेळायचे तेव्हा धडाधड आवाज, आणि मृदुला आली की थप, थप.

मी सेंदिलला खालच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि सरळ विचारलं. तमिळमधलं त्याचं बोलणं इथे मराठीत देते.

"मॅडम, कसं करू? बाईमाणसाच्या छातीवर वजन टाकायचं? आईला कळलं तर घरात घेणार नाही. त्यात ती शिफ्ट करून येते, थकलेली असते. जिंकली की खूश होते. माझं काय जातं?"

"आणि बाकीचे?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "सगळेच, मॅडम. कुणी ठरवलं नाही. मान द्यायचा म्हणून."

मला भयंकर राग आला. राग त्याच्यावर तरी कसा धरायचा? त्याच्या हेतूत वाईट काही नव्हतं, आणि तेच तर त्यातलं वाईट होतं. हा माणूस एखाद्या पोराशी मस्ती केल्यासारखा तिच्याशी खेळत होता आणि ती त्यावर स्वतःची ताकद मोजत होती. पंचायतीतल्या त्या "काही नाही, मॅडम"चा अर्थही आता मला कळला. जिच्याशी खरं खेळलोच नाही, तिचा कच्चेपणा सांगणार कुठून? कार्तिकला विचारलं तर त्यालाही थोडं ठाऊक होतं. बायका रोज हरल्या तर येणं सोडतील, असं त्याला वाटलं होतं.

सांगावं की न सांगावं? परीक्षा इतकी जवळ असताना तिचं मन मोडावं का, असं नवरा म्हणाला. मी म्हटलं, ब्राझीलच्या माणसाला मान द्यायची सवय नसेल, परीक्षेत हे उघडं पडेलच. त्याच आठवड्यात पंचायतीत सेंदिलने नेहमीप्रमाणे "चोक स्ट्राँग, वीक काही नाही" म्हटलं, आणि मी खुर्चीवरून म्हटलं, "सेंदिल, तिला खरं सांग."

त्याने सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. मृदुलाने ऐकून घेतलं. रडली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, "कधीपासून?"

"पहिल्यापासून, सिस्टर."

तिने पट्टा सोडला, घडी करून बॅगेत ठेवला आणि ती निघून गेली. एकेक करून बाकीचेही उठले. मी घरी आल्यावर जेवले नाही.

आठवडाभर ती आली नाही. फोन उचलेना. बायकांच्या बॅचमध्ये चौकशा सुरू झाल्या. मग एका संध्याकाळी ती कंपनीच्याच निळ्या शर्टात माझ्या घरी आली. तांबरमला उतरून तशीच आली होती. चहा झाला, उपमा झाला, भुसावळचं ऊन आणि चेन्नईचं ऊन यांची तुलना झाली. मग ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे गेजच चुकीचं निघालं तर काय करतात, माहितीये? त्या गेजने मोजलेला सगळा लॉट परत मोजतात. चांगला निघाला असेल तो माल पण. कारण आता कशावरच भरवसा नसतो."

"मग?"

"मग काय, मला परत मोजायचंय. सगळं. पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी ती मॅटवर सेंदिलसमोर जाऊन बसली आणि तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजपासून जो तिच्यावर पूर्ण वजन टाकणार नाही त्याने तिच्याशी खेळू नये. पंचायतीत "काही नाही" हे उत्तरही चालणार नाही. सेंदिलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो तिच्या छातीवर बसला, ज्याला माउंट म्हणतात, आणि त्याने खरोखर वजन दिलं. तिचा श्वास कोंडला. थोड्याच वेळात तिने टॅप केला. पुन्हा केला. त्या संध्याकाळी तिचा तो गाजलेला चोक कुणाच्याही गळ्याला लागला नाही. सेंदिलने तर तिने आवळलेली कॉलर तशीच ठेवून, "सिस्टर, मला श्वास येतोय," असं अगदी प्रामाणिकपणे कळवलं. बायका माझ्याभोवती बसून हे पाहत होत्या आणि प्रत्येकीचा चेहरा उतरला होता.

पण पुढच्या दिवसांत मला एक गोष्ट दिसायला लागली, आणि ती पाहून मी खुर्ची पुढे ओढून बसले. नव्वद किलोच्या खाली सापडलेला माणूस पहिल्या मिनिटात घाबरतो. हातपाय झाडतो, ढकलतो आणि दमून सापडतो. मी घाबरायची, कार्तिकही सुरुवातीला घाबरायचा. मृदुला घाबरत नव्हती. ती सापडायची ती चुकीमुळे, भीतीमुळे नाही. खाली पडून ती थांबायची, श्वास लांब घ्यायची, कोपर अंगाशी ठेवायची, आणि वरच्याने बूड जरा हलवलं की बोटभर कोळंबी करायची. पुन्हा थांबायची. पुन्हा बोटभर. हे तिच्यात पहिल्यापासून असणार, पण ते कळायला तिच्या छातीवर कुणीतरी खरं वजन टाकायला हवं होतं. वर्षभर जे तिचं बळ म्हणून गाजलं ते कच्चं होतं, आणि जे पक्कं होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं, तिनेही नाही.

ब्राझीलचे मास्तर आले त्या दिवशी हॉलमध्ये असा उकाडा होता की पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. मास्तर पन्नाशीचे, ठेंगणे, कान झुंजून झुंजून चुरगळलेले. इंग्रजी मोजकं बोलायचे, बाकी कार्तिक समजावून सांगायचा. राव धोतर आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पहिल्या खुर्चीवर बसले होते, कारण निकाल त्यांना डोळ्यांनी पाहायचा होता. बायकांची बॅच भिंतीला टेकून उभी.

मास्तरांनी हॉलवर नजर फिरवली आणि मृदुलासमोर नेमका सगळ्यात जड माणूस उभा केला. सेंदिल.

पहिल्या झुंजीत त्याने तिचा हात पकडून सरळ केला. तिने टॅप केला. दुसऱ्या झुंजीत कॉलरने गळा धरला. पुन्हा टॅप. राव माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोर हरते बाई."

तिसऱ्या झुंजीला मास्तरांनी सेंदिलला आधीच तिच्या छातीवर बसवलं आणि म्हणाले, "सुरू करा." सेंदिलने सगळं वजन दिलं. त्याच्या कपाळावरचा घाम तिच्या डोळ्यांत पडत होता. तो गळ्याकडे आला, तिने हनुवटी खाली घेतली आणि कोपरं मिटली. तो हाताकडे वळला, हात नव्हताच. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंतीपाशी कुणी हलत नव्हतं. मग सेंदिलने दम घ्यायला जरा बूड उचललं आणि मृदुला बोटभर सरकली. पुन्हा बोटभर. तिचा गुडघा आत शिरला, मग पाय, आणि मग ती पाठीवर असूनही त्याला दोन्ही पायांनी अडवून धरत होती. "कोळंबी, कोळंबी," असं कुंकवाची मामी पुटपुटत होती. मृदुलाने त्याची बाही ओढली, कंबर वळवली आणि नव्वद किलोचा सेंदिल धप्पकन पाठीवर गेला. ती त्याच्या छातीवर बसली.

तिथे मजा झाली. पाठीवर पडल्यावर काय करायचं हे सेंदिलला सुचेना. त्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं, मग पाय झाडले, मग डोळे मिटले. तिने चोक घातला, तो लागला नाही. पण वेळ संपेपर्यंत तो तिच्याखालून निघू शकला नाही. बायकांनी हॉल डोक्यावर घेतला.

मास्तरांना कार्तिकने पंचायतीची पद्धत सांगितली होती. ते मांडी घालून गोलात बसले आणि सेंदिलला म्हणाले, "आधी तू."

"कच्चं," सेंदिल म्हणाला, आणि या वेळी त्याने मान वर ठेवली. "गळा सांभाळायला जाते आणि कोपर उघडं टाकते. दोनदा सापडली. चोकमध्ये मनगट वळत नाही, म्हणून तो लागत नाही. पक्कं. मी वर बसलो की खालच्या माणसाचा श्वास मला कळतो. घाबरला की लगेच कळतं. हिचा श्वास बदलत नाही, मॅडम. मी सगळं वजन दिलं. शेवटी मलाच भीती वाटायला लागली."

आता मृदुलाची पाळी. ती सेंदिलकडे वळली. "यांचं पक्कं काय, ते सगळ्यांना माहितीये. वर असले की डोंगर. कच्चं म्हणजे, यांना खाली राहता येत नाही. आजवर कुणी यांना खाली पाडलंच नाही ना. पाठीवर पडले की डोळे मिटून नुसतं ढकलतात."

बँकेतल्या साहेबांनी सेंदिलला इतकं स्पष्ट कधी सुनावलं नसेल. कार्तिकने मास्तरांच्या कानात भाषांतर केलं. मास्तर मोठ्याने हसले, उठले, त्यांनी मृदुलाचा पांढरा पट्टा सोडला आणि बॅगेतून काढलेला निळा पट्टा तिच्या कमरेला बांधला. गाठ बांधताना ते काहीतरी बोलले. कार्तिकने सांगितलं, "मास्तर म्हणतात, ही बाई शिकवेल ते खरं असेल."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. शाळेतल्या माझ्या मुली जिल्ह्यात जिंकल्या, राज्यात जिंकल्या, पण असं कधी भरून आलं नव्हतं. मास्तरांनी माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले, म्हणजे या गुडघ्यावर माझी परीक्षा होणार नव्हती. माझा स्वतःचा पट्टा शेवटपर्यंत पांढराच राहिला. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते थोडंथोडकं नाही. दहा वर्षं आधी मला कुणी पाठीवर पाडलं असतं तर बरं झालं असतं.

राव मात्र गोंधळले होते. "दोनदा हरली आणि पट्टा कसा दिला?" मी समजावू लागले. त्यांनी थोडं ऐकलं आणि हात वर केला. "बरं, कळलं म्हणतों. बॅच चालू दे. जातांना पंखे बंद करून जा, अवघे."

पुढच्या मंगळवारी बायकांची बॅच मृदुलाने घेतली. मी खुर्चीवर. मला काही बोलायचं नव्हतं, आणि गप्प बसणं मला फारसं जमत नाही, म्हणून मी पिशवीत विणकाम घेऊन गेले होते. बायका रांगेत उभ्या राहिल्या तेवढ्यात दाराशी सेंदिल दिसला. बँकेच्या कपड्यांत, काखेत डगला, हातात बूट.

"मॅडम," तो मला म्हणाला, "या बॅचला आलो तर चालेल का? मला खालून शिकायचंय."

"मला कशाला विचारतोस? वर्ग तिचा आहे."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. सेंदिलने बूट खाली ठेवले आणि मृदुलाकडे वळला. वर्षभर तो तिला सिस्टर म्हणत आला होता.

"टीचर," तो म्हणाला, "वरलामा?" म्हणजे, येऊ का?

मृदुलाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मॅटच्या मधोमध बोट दाखवलं.

"वांगा, या," ती म्हणाली. "पाठीवर पडा."